काँक्रीट, प्रकाश आणि उपासक : आधुनिक ख्रिस्तमंदिरांचे एक परीक्षण

गेल्या शंभर वर्षांत जगभर जी ख्रिस्तमंदिरे उभी राहिली, त्यांपैकी फार मोठा भाग ‘आधुनिक’ म्हणविल्या जाणाऱ्या वास्तुशैलीचा आहे. ह्या शैलीविषयी धर्मगुरुवर्गात आणि धर्मशिक्षकांत दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाच्या मते कमान, घुमट आणि मनोरा ह्यांवाचून उभी केलेली उघड्या काँक्रीटची इमारत म्हणजे ख्रिस्तमंदिर नव्हेच. ती फार तर गोदाम किंवा चित्रपटगृह होय. दुसऱ्या पक्षाला जुने ते सारे जीर्ण वाटते, आणि छप्पर जितके चमत्कारिक तितका धर्मग्राम पुढारलेला, अशी त्याची समजूत असते. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकच प्रश्न टाळतात : ही वास्तू तिच्यात जमणाऱ्या उपासकांचे काय करते?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. इगर्ज म्हणा, देऊळ म्हणा की चर्च म्हणा, ते राखावे की पाडावे, नवे बांधावयाचे तर कोणाकडे सोपवावे, निधी किती उभारावा, हे निर्णय आज ना उद्या आपल्यापैकी कित्येकांपुढे येतात. प्रवचन चुकले तर पुढच्या रविवारी सुधारता येते. ओतलेले काँक्रीट तसे सुधारता येत नाही. ते पुढील तीन पिढ्यांना आधार देते किंवा छळते. म्हणून काही निवडक वास्तूंच्या आधारे ह्या शैलीचे गुणदोष पाहणे आम्हांस अवश्य वाटते.

१. एका आरोपाचा विचार

आधुनिक वास्तुकला मूळचीच निरीश्वरवादी आहे, हा आरोप नेहमी केला जातो. त्यात काही तथ्य आहे. अडोल्फ लूस ह्यांनी अलंकरणाला जवळजवळ गुन्हाच ठरविले. ल कॉर्ब्युझिए ह्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घराला राहण्याचे यंत्र म्हटले. यंत्रात वेदीला जागा कोठे, अशी शंका भाविकाला आली तर तिला हसण्याचे कारण नाही.

परंतु इतिहास ह्याहून गुंतागुंतीचा आहे. १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा निघाली. पुढे तिचे नाव कारखाने, पोलाद आणि काच ह्यांच्याशी जोडले गेले; पण तिच्या पहिल्या जाहीरनाम्याच्या मुखपृष्ठावर लायोनेल फाइनिंगर ह्यांनी कोरलेले चित्र एका कॅथीड्रलचे होते. सर्व कारागिरांनी एकत्र येऊन उभारलेली वास्तू ह्या कल्पनेसाठी त्या मंडळींना त्याहून योग्य प्रतिमा सापडली नाही. त्यांतील अनेकांचा विश्वास डळमळीत झाला होता. परंतु एकत्र जमलेल्या समाजाची ओढ शिल्लक होती.

दुसरे असे की, आधुनिक ख्रिस्तमंदिर हे वास्तुशिल्प्यांनी ख्रिस्तसभेवर लादलेले नाही. पॅरिसजवळील ल रँसी येथे १९२३ साली ओग्युस्त पेरे ह्यांनी बांधलेले ‘नोत्र-दाम’ घ्या. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधावयाचे होते आणि धर्मग्रामाजवळ पैसा थोडा होता. पेरे ह्यांनी सडपातळ काँक्रीट-स्तंभांवर पातळ कमानी छप्पर तोलले. छपराचा भार स्तंभांनी घेतल्यामुळे भिंतींवर ओझे उरले नाही, आणि त्या संपूर्ण भिंती काँक्रीटच्या जाळीत रंगीत काच बसवून करता आल्या. गॉथिक शिल्प्यांनी दगडात जे साधण्यासाठी बाहेरून प्रचंड टेकू दिले, ते येथे लोखंडी सळ्या आणि काँक्रीट ह्यांनी टेकूंवाचून साधले. काँक्रीट दाब सोसते, सळई ताण सोसते. दोघांच्या संयोगाने भिंत मोकळी होते आणि प्रकाश आत येतो. गरीब धर्मग्रामाला प्रकाशाचे वैभव परवडले ते ह्या नव्या साधनामुळे. त्या साधनास अपवित्र म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. दगडही खाणीतूनच येतो. तो जन्मतः पवित्र नसतो.

ह्याहून महत्त्वाचे उदाहरण आखेन ह्या जर्मन शहरातील ‘फ्रोनलाइखनाम’ म्हणजे ख्रिस्तशरीर मंदिराचे. १९३० साली रुडॉल्फ श्वार्ट्‌झ ह्यांनी ते कामगारवस्तीत बांधले. आत पांढऱ्या उंच भिंती, काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर चढविलेली वेदी आणि वेदीमागे एक अखंड, चित्रविरहित भिंत, एवढेच आहे. पुष्कळांना ही भिंत रिकामी वाटली. श्वार्ट्‌झ ह्यांचे स्नेही, धर्मपंडित रोमानो ग्वार्दिनी ह्यांनी मात्र हे रितेपण नसून मौन आहे, अशा अर्थाचे समर्थन केले. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ग्वार्दिनी आणि श्वार्ट्‌झ हे दोघेही उपासनाविधीच्या नवजागरणातील कार्यकर्ते होते. रोथेनफेल्स किल्ल्यावर तरुणांसह त्यांनी वेदीभोवती जमण्याचे प्रयोग केले होते. म्हणजे मंदिराचा आकार बदलण्याआधी उपासनेची जाणीव बदलली होती. शिल्पी मागाहून आला. आधुनिक ख्रिस्तमंदिरांपैकी जी टिकली त्यांच्यात हा क्रम बहुधा असाच आढळतो, आणि जी फसली त्यांच्यात तो उलटा आढळतो. पुढील परीक्षणाचे हेच मुख्य सूत्र आहे.

२. रॉन्शां : थोरवी आणि तिचा धोका

पूर्व फ्रान्समधील रॉन्शां गावाच्या टेकडीवर पवित्र मरियेचे जुने तीर्थस्थान होते. १९४४ सालच्या लढाईत तेथील मंदिर उद्ध्वस्त झाले. नव्या मंदिराचे काम ल कॉर्ब्युझिए ह्यांच्याकडे सोपविण्यात आले, आणि २५ जून १९५५ रोजी त्याचे समर्पण झाले. ज्यांनी घराला यंत्र म्हटले होते त्यांनीच येथे वाकलेल्या भिंती, खेकड्याच्या कवचावरून सुचलेले फुगीर छप्पर आणि प्रकाश खाली ओतणारे तीन मनोरे उभे केले. जुन्या मंदिराचे ढासळलेले दगड नव्या भिंतींत घातले. छप्पर एवढे जड दिसते, तरी ते भिंतींत दडविलेल्या खांबांवर टेकले आहे. छप्पर आणि भिंत ह्यांमध्ये सुमारे दहा सेंटिमीटरांची फट ठेवली असून तिच्यातून प्रकाशाची एक बारीक रेघ आत येते. दक्षिणेच्या जाड भिंतीत लहानमोठे झरोके आहेत. बाहेरून ते छिद्रांसारखे भासतात, आतून मात्र ते प्रकाशाच्या कोनाड्यांसारखे रुंदावत येतात.

बुद्धिनिष्ठ वास्तुकलेच्या कैवाऱ्यांना हे मंदिर धक्कादायक वाटले. जेम्स स्टर्लिंग ह्या तरुण ब्रिटिश शिल्प्याने १९५६ साली ह्या मंदिरावर लिहिताना बुद्धिवादच संकटात सापडल्याचे निदान केले. त्यांच्या दृष्टीने ते खरेही होते. पण आम्हांस वेगळे म्हणावयाचे आहे. रॉन्शांचे यश स्वैर कल्पनेचे नाही. ते एका नेमक्या उपासनेला दिलेले उत्तर आहे. हे धर्मग्रामाचे मंदिर नसून यात्रेचे मंदिर आहे. आत सुमारे दोनशे माणसे मावतात. परंतु ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवास, यात्रेकरूंचा मोठा समुदाय टेकडीवर येतो. म्हणून पूर्वेच्या भिंतीबाहेर पुढे आलेल्या छपराखाली दुसरी वेदी आणि प्रवचनपीठ आहे. टेकडीचे गवत हेच तेथील सभागृह. मरियेची जुनी मूर्ती भिंतीतील काचेच्या कोनाड्यात अशी बसविली आहे की, ती आतल्या उपासकांकडे किंवा बाहेरच्या यात्रेकरूंकडे वळविता यावी. छप्पर का वाकले, भिंत का वळली, ह्याची उत्तरे यात्रेत सापडतात.

आणि येथेच ह्या मंदिराचा धोका आहे. रॉन्शांनंतर वाकड्या छपरांची साथच आली. जेथे यात्रा नाही, टेकडी नाही, बाहेरची वेदी नाही, तेथे छप्पर मात्र रॉन्शांचे! एका मंदिराचे उत्तर दुसऱ्या मंदिराच्या माथ्यावर ठेवले की ते अलंकरणच होते. आणि अलंकरणाला गुन्हा म्हणणाऱ्या परंपरेच्या नावाने ते करावे, हा तर विरोधाभासच. थोर कृतीपासून पद्धत शिकावी, आकार उचलू नये, हा धडा रॉन्शां देते. दुर्दैवाने पुष्कळांनी नेमका आकारच उचलला.

३. श्रद्धा नसलेल्या शिल्प्याकडे मंदिर सोपवावे काय?

ल कॉर्ब्युझिए हे प्रॉटेस्टंट कुळात जन्मले होते आणि स्वतःला श्रद्धावंत म्हणवीत नसत. त्यांना मंदिराचे काम मिळावे म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांत डॉमिनिकन संघाचे फादर मारी-अलँ कुत्युरिए हे प्रमुख होते. ‘लार सॅक्रे’ ह्या नियतकालिकातून त्यांनी असे प्रतिपादन केले की, सामान्य कुवतीच्या भाविकापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत मंदिरासाठी अधिक बरा. आल्प्स पर्वतातील आसी येथील मंदिर १९५० साली समर्पित झाले. त्यात रुओ, माटिस, शागाल, लेजे अशा भिन्न मतांच्या कलावंतांची कामे आली. जर्मेन रिशिए ह्यांनी घडविलेला, देह झिजून गेलेला क्रुसावरील ख्रिस्त अनेकांना असह्य वाटला, आणि १९५१ साली बिशपांच्या आज्ञेने तो वेदीवरून हलविण्यात आला. व्हॅटिकन परिषदेनंतरच्या काळात तो परत आला. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांनी वेढलेल्या त्या गावातील रुग्णांना त्या झिजलेल्या देहात ओळखीचे काही दिसावे, हे आम्हांस स्वाभाविक वाटते. आरामखुर्चीत बसलेल्या टीकाकाराला ते दिसले नाही, एवढेच.

ब्राझीलमधील उदाहरणही बोधप्रद आहे. ऑस्कर नीमायर हे कम्युनिस्ट. बेलो ओरिझोंते शहरातील पांपुल्या तलावाकाठी त्यांनी १९४३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसचे मंदिर बांधले. काँक्रीटच्या परवलयाकार कमानी हेच तेथे भिंत आणि हेच छप्पर. आत कांदिदो पोर्तिनारी ह्यांच्या चित्रात संताजवळ लांडग्याऐवजी कुत्रा होता. स्थानिक धर्माधिकाऱ्यांनी मंदिराचा अभिषेक करण्यास नकार दिला आणि १९५९ सालापर्यंत ते तसेच राहिले.

ह्या वादात फादर कुत्युरिए ह्यांची बाजू आम्हांस अर्धी पटते. प्रतिभा हीसुद्धा देवाची देणगी आहे, आणि ती कोणाला द्यावी हे ठरविताना देव श्रद्धेचा दाखला मागत नाही. मंदिर बांधताना शलमोनाने सोराचा राजा हिराम ह्याच्याकडून लाकूड आणि कारागीर मागविले होते. तेव्हा परक्या हातांविषयी पवित्र शास्त्राला संकोच नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद हीही ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक घटनेत सांगते की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे आणि विश्वासूंचा सक्रिय सहभाग साधेल अशी मंदिरे बांधावी.

पण उरलेली अर्धी बाजू कोणती? शिल्पी श्रद्धावंत नसला तरी चालेल. काम देणारी ख्रिस्तसभा मात्र आपल्या श्रद्धेविषयी स्पष्ट असली पाहिजे. हिरामचे कारागीर आले, परंतु मंदिर कशासाठी हे शलमोनाला ठाऊक होते. रॉन्शां येथे धर्मप्रांताच्या कलामंडळाने तीर्थस्थानाच्या गरजा नीट मांडल्या आणि शिल्प्याला मोकळीक दिली. जेथे धर्मगुरूच म्हणतो, ‘काहीतरी आधुनिक करा’, तेथे दोष शिल्प्याचा नसतो.

४. ला तुरेत आणि कार्ड्रॉस : रिकाम्या खोल्यांचा प्रश्न

फादर कुत्युरिए ह्यांच्याच आग्रहाने ल कॉर्ब्युझिए ह्यांनी ल्योंजवळील एव्हू येथे ‘ला तुरेत’ हा डॉमिनिकन मठ बांधला. तो १९६० साली पूर्ण झाला. काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी फादरांच्या सांगण्यावरून ल तोरोने येथील मध्ययुगीन सिस्टर्शियन मठ पाहिला होता. येथे रॉन्शांची वक्रता नाही. उतारावर स्तंभांनी तोललेला काँक्रीटचा चौक आणि सुमारे शंभर खोल्या आहेत. प्रत्येक खोली १.८३ मीटर रुंद आणि २.२६ मीटर उंच. हात पसरला की दोन्ही भिंती हाताशी येतात. मंदिर म्हणजे एक उंच, उघडा, अंधारलेला पेटारा. पण बाजूच्या वेद्यांवर छपरातील गोल नळकांड्यांतून रंगीत प्रकाश उतरतो. दारिद्र्यव्रताला शोभेल असे हे घर आहे. त्यात सुख नाही, परंतु गांभीर्य आहे; आणि दिवसातून अनेकदा स्तोत्रगायनास जमणाऱ्या व्रतस्थांच्या जीवनक्रमाशी त्याची रचना जुळलेली आहे.

तरीही मठ पूर्ण होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच तेथील विद्यार्थ्यांची संख्या ओसरली. ज्या तरुणांसाठी खोल्या बांधल्या ते येईनासे झाले. मठ टिकला तो थोड्या बंधूंच्या निष्ठेने आणि चर्चासत्रे, अभ्यासक, पाहुणे ह्यांना दार उघडल्यामुळे. २०१६ साली युनेस्कोने ल कॉर्ब्युझिए ह्यांच्या सात देशांतील १७ कृतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत रॉन्शांचे मंदिर आहे आणि आपले चंडीगढचे कॅपिटॉल संकुलही आहे.

स्कॉटलंडमधील कार्ड्रॉसची कथा अधिक करुण आहे आणि सेमिनरीच्या नियतकालिकाने तिचा विचार करणे विशेष उचित होय. ग्लासगो महाधर्मप्रांतासाठी तेथे १९६६ साली सेंट पीटर्स सेमिनरी उघडली. ‘गिलेस्पी, किड अँड कोइया’ ह्या पेढीतील अँडी मॅकमिलन आणि बर्लिनहून लहानपणी आलेले ज्यू निर्वासित इझी मेट्झस्टाइन हे तिचे शिल्पी. ला तुरेतची छाप तिच्यावर उघड दिसते. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि त्याखाली मंदिर व भोजनगृह अशी मांडणी. वरून झिरपणारा प्रकाश. शंभरएक विद्यार्थ्यांची सोय होती. ती कधीच पूर्ण भरली नाही. त्याच सुमारास धर्मगुरूंचे शिक्षण एकांतातील वास्तूत न होता लोकांच्या सान्निध्यात, शहरात व्हावे, असा विचार ख्रिस्तसभेत बळावला. इकडे पावसाचे पाणी आत येई आणि डागडुजीचा खर्च वाढतच राहिला. १९८० साली सेमिनरी बंद झाली. काही वर्षे तेथे व्यसनमुक्ती केंद्र चालले. नंतर ती ओस पडली. १९९२ साली तिला सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. २००५ साली ‘प्रॉस्पेक्ट’ ह्या स्कॉटिश वास्तुनियतकालिकाने देशातील उत्कृष्ट आधुनिक वास्तूंची यादी केली, तिच्यात पहिला क्रमांक ह्या भग्नावशेषाला मिळाला! २०२० साली महाधर्मप्रांताने ती एका शैक्षणिक न्यासाच्या स्वाधीन केली.

म्हणजे जाणकारांनी पहिली ठरविलेली वास्तू तिच्या मालकांना चौदा वर्षेदेखील धड वापरता आली नाही. दोष कोणाचा? शिल्प्यांचा काही अंशी होता. पाऊस हा स्कॉटलंडमध्ये अकस्मात येणारा पाहुणा नव्हे. त्याच्याशी सांधे, उतार आणि पन्हळी ह्यांच्या भाषेत बोलावे लागते. परंतु मोठा दोष नियोजनाचा होता. ख्रिस्तसभेने कालच्या संख्येवर उद्याचे घर बांधले. पाचारणे अशीच येत राहतील असे गृहीत धरून काँक्रीट ओतले गेले. काँक्रीटची एक अडचण अशी की, त्यात ओतलेले गृहीतकही त्याच्याबरोबर घट्ट होते. विटेची भिंत पाडून खोली वाढविता येते. एकसंध ओतलेल्या सांगाड्यात असा बदल करणे कठीण.

फ्रान्समधील फिर्मिनी येथील सेंट पिएर हे तर ह्याचे टोक होय. ल कॉर्ब्युझिए ह्यांनी आखलेले ते मंदिर त्यांच्या मृत्यूनंतर (१९६५) अर्धवट पडले आणि त्यांचे शिष्य जोझे उब्रेरी ह्यांनी २००६ साली पूर्ण केले. शासकीय पैसा धर्मकार्यास देता येत नाही म्हणून खालचे मजले संग्रहालयाकडे गेले. प्रकाशाचे अद्भुत नाट्य तेथे आहे. पण ते पाहावयास येतात ते बहुतांशी प्रवासी. शलमोनाने समर्पणाच्या प्रार्थनेत (१ राजे ८) कबूल केले होते की, स्वर्गातही न मावणारा देव ह्या घरात कसा मावेल. तरी तेथे येऊन प्रार्थना करणाऱ्यांचे त्याने ऐकावे. मंदिराचे मंदिरपण त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

५. दादरचे साल्व्हासांव, आणि गिलाव्याचा प्रश्न

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहू. मुंबईत दादर येथील ‘साल्व्हासांव’ म्हणजे मुक्तिदायिनी मातेचे मंदिर ‘पोर्तुगीज चर्च’ ह्या नावाने सर्वांस परिचित आहे. सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या ह्या स्थानी १९७०च्या दशकात चार्ल्स कोरिया ह्यांनी नवे मंदिर बांधले. ते १९७७ साली पूर्ण झाले. कोरिया हे मूळ गोव्याच्या कॅथॉलिक कुटुंबातील. जन्म सिकंदराबाद येथे, १९३० साली. त्यांनी एकच भव्य दालन न करता परस्परांत गुंफलेली अनेक स्थाने केली : काही छपराखाली, काही उघड्या आकाशाखाली. मुख्य स्थानांवर काँक्रीटची उंच निमुळती कवचे आहेत. गरम हवा वर चढून त्यांच्या माथ्यावाटे बाहेर पडते आणि चौकांकडून ताजी हवा आत येते. म्हणजे कवच हे येथे केवळ रूप नाही. ते धुराड्याचे काम करते. माथ्यावरील काचेचे चित्रण एम. एफ. हुसेन ह्यांचे. श्रद्धेच्या सीमा ओलांडून प्रतिभा बोलाविण्याची फादर कुत्युरिए ह्यांची रीत येथेही दिसते.

आमच्या मते हे मंदिर रॉन्शांपासून आकार न घेता पद्धत घेते. उष्ण व दमट हवेत शेकडो माणसे एकत्र बसली म्हणजे काय होते, हा प्रश्न युरोपीय शिल्प्याला नव्हता; तो येथे विचारला गेला आणि चौक व कवच हे त्याचे उत्तर आले. चौक हा आपल्या वाड्यांना आणि गोव्याच्या जुन्या घरांनाही ठाऊक. मिस्सा संपल्यावर लोक चटकन पांगत नाहीत. बोलत थांबतात, वर्गणी, लग्ने, आजारपणे ह्यांची विचारपूस होते. मंडळी म्हणून जगण्याचा तो भाग चौकात घडतो. उणीव एकच सांगावीशी वाटते. स्थाने अशी विभागली की एकाच वेदीभोवती सर्वांनी जमण्याचा अनुभव थोडा विरळ होतो, आणि मोठ्या सणाला शब्द व दृष्टी शेवटच्या माणसापर्यंत पोचविण्यासाठी यंत्रांचा आधार अधिक घ्यावा लागतो. एकत्व आणि मोकळेपणा ह्यांचा हा ताण कोणत्याही चौकयुक्त मंदिरात राहणारच. तो आधीच ओळखलेला बरा.

ह्याच संदर्भात ‘सामग्रीचे सत्य’ ह्या आधुनिक तत्त्वाचा विचार केला पाहिजे. वीट वीट दिसावी, काँक्रीट काँक्रीट दिसावे, गिलाव्याने ते झाकू नये, असे हे तत्त्व. त्यात नैतिक बळ आहे. सिमेंटच्या खांबांना संगमरवराचा रंग देणाऱ्या धर्मग्रामांनी ते अवश्य ऐकावे. परंतु तत्त्वाचा दुराग्रह झाला तर काय होते, हे जुन्या गोव्यातील बोम जेझू बासिलिकेने दाखविले आहे. १६०५ साली पूर्ण झालेल्या ह्या मंदिराच्या जांभ्या दगडावर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकण्यात आला, आणि उघडा लाल दगड हेच तिचे पुरातन रूप, असा समज रूढ झाला. पण जांभा सच्छिद्र. कोकणपट्टीचा पाऊस त्यात मुरतो आणि दगड झिजतो. म्हणून पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी अलीकडच्या काळात खुद्द बासिलिकेच्या धर्मगुरूंकडून झाली. गिलावा हे असत्य नव्हते. ते वस्त्र होते. एदेन बागेतून बाहेर पडणाऱ्या मानवाला देवाने स्वतः वस्त्रे करून दिली, हे आपण विसरू नये.

काँक्रीटचेही तेच. आतली सळई सुरक्षित राहते ती सिमेंटच्या क्षारीय आवरणामुळे. कालांतराने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि समुद्राकडील खारा वारा ते संरक्षण क्षीण करतात. पाणी पोचले की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे फोडून टाकतो. पणजी येथील कला अकादमी ही कोरिया ह्यांचीच नावाजलेली वास्तू. तिच्या खुल्या रंगमंचावरील छत जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणाचे काम चालू असताना कोसळले. त्या घटनेची कारणमीमांसा करणे हे आमचे काम नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल की, काँक्रीट अमर आहे ही समजूत कोणत्याही धर्मग्रामाने बाळगू नये.

ह्या दृष्टीने लॉरी बेकर ह्यांचे कार्य (१९१७–२००७) आम्हांस अनुकरणीय वाटते. हे क्वेकर पंथीय इंग्रज शिल्पी भारतात आले, भारतीय झाले आणि तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. तेथील लोयोला संस्थेसाठी त्यांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिरात विटांच्या जाळीदार भिंती हेच अलंकरण आहे. जाळीतून वारा आणि प्रकाश येतो. वीट स्थानिक, गवंडी स्थानिक, आणि एखादी वीट निखळली तर ती बसविणारा माणूसही जवळच राहतो. बेकर ह्यांची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. डोंगराळ, पावसाळी किंवा कोरड्या मुलखात साहित्य वेगळे असेल. परंतु ‘दुरुस्ती कोण करील?’ हा त्यांचा पहिला प्रश्न धर्मग्रामाचाही पहिला प्रश्न असावा.

६. निष्कर्ष

ह्या सर्व विवेचनातून आधुनिक शैलीच्या बाजूने किंवा विरुद्ध असा सरसकट निवाडा निघत नाही. ल रँसी, आखेन, रॉन्शां आणि दादर येथे ह्या शैलीने ख्रिस्तसभेस खरी सेवा दिली. कार्ड्रॉस व फिर्मिनी येथे तिने सौंदर्य दिले, पण उपासक दिले नाहीत. आणि ते देणे तिच्या हाती नव्हतेच.

मंदिर बांधण्याचा विचार करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना आमची विनंती एवढीच की, शिल्प्याकडे जाण्यापूर्वी त्यांनी धर्मग्रामासह चार गोष्टी लिहून काढाव्या. रविवारी आणि सणाला किती लोक येतात, आणि वीस वर्षांनी किती येण्याचा संभव आहे? वेदी, शब्द, स्नानसंस्कार आणि पापनिवेदन ह्यांची स्थाने लोकांशी कसे नाते राखतील? येथील ऊन, वारा आणि पाऊस काय मागतात? आणि डागडुजीचा खर्च दरवर्षी कोण, कोठून करील? ह्या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे असतील तर शिल्पी कम्युनिस्ट असो, ज्यू असो की आपल्याच धर्मग्रामातला असो, त्याला दिशा मिळेल. उत्तरे नसतील, तर जगातील सर्वांत प्रतिभावान शिल्पीही आपल्याला केवळ छायाचित्रांसाठी एक इमारत देईल.

पेत्राचे पहिले पत्र विश्वासूंना जिवंत दगड म्हणते. ही उपमा मांडताना प्रेषितापुढे काँक्रीट नव्हते. पण तिचा अर्थ काँक्रीटलाही लागू पडतो. ज्या वास्तूत जिवंत दगड एकमेकांच्या जवळ येतात, एकमेकांचे ऐकतात आणि वेदीकडे पाहू शकतात, ती शैलीने कोणतीही असो, ख्रिस्तमंदिर आहे. ज्या वास्तूत ते सुटे पडतात, तिला कमानी आणि मनोरे लावले तरी उणीव भरून निघत नाही. नकाशा पसरण्याआधी आपण एवढे ठरविले, तर पुढच्या पिढीला आपली मंदिरे पाडावी लागणार नाहीत.